इंचभर बाहेर आलेलं चाक

जुलैच्या पावसात ब्रह्मपुरी तालुक्यातल्या बांध्यांमध्ये चिखलणी सुरू झाली, की ट्रॅक्टरच्या चाकांचं रूप पालटतं. मागच्या टायरच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी केजव्हील चढतं आणि ट्रॅक्टर नेहमीपेक्षा बराच रुंद दिसू लागतो. अवजार बदललं तर मागच्या चाकाची तबकडी उलटी बसवून दोन चाकांमधलं अंतर कमी-जास्त करता येतं, पुढच्या आसाच्या नळ्या सरकवून पुढचंही. वैनगंगेच्या अलीकडे ब्रह्मपुरी-नागभीड आणि पलीकडे वडसा-आरमोरी या धानपट्ट्यात हे पाहत वाढलेल्या माणसाला चाक बाहेर सरकवणं ही परकी गोष्ट वाटत नाही. त्यामुळे कारला नवी अलॉय बसवताना ‘आतून घासतंय, स्पेसर टाकून घ्या’ असं कुणी सुचवलं, तर तो सल्ला लगेच पटतो. गाडी रुंद दिसते, रस्त्याला चिकटून बसल्यासारखी वाटते आणि खर्चही थोडका. पण कारचं चाक हबवर कशाच्या जोरावर टिकून असतं हे नीट समजून घेतलं, तर स्पेसरचा निर्णय इतका हलका राहत नाही. योग्य मापाचं चाक मिळत असेल तर स्पेसर टाळावा, आणि टाळता येत नसेल तर तो बसवताना सगळं लक्ष धातूच्या सपाट पृष्ठभागांवर आणि नटांच्या ताणावर असावं, असं माझं मत आहे.

स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी धातूची चकती. तिच्या जाडीइतकं चाक बाहेर येतं. तीन ते पाच मिलिमीटरची पातळ चकती गाडीच्या मूळ स्टडवरच सरकवली जाते आणि तिच्यावर चाक ठेवून मूळ नट आवळतात. साधारण २० मिलिमीटर आणि त्याहून जाड स्पेसर वेगळ्या घडणीचा असतो. तो आधी मूळ स्टडवर स्वतःच्या नटांनी आवळायचा आणि मग त्याच्यातून निघालेल्या दुसऱ्या स्टडवर चाक लावायचं. स्पेसरची गरज बहुतेकदा चुकीच्या खरेदीतून निर्माण होते. प्रत्येक चाकाला ऑफसेट असतो. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यातलं ते अंतर, आणि रिमच्या मागच्या बाजूला ईटी या अक्षरांपुढे ते कोरलेलं असतं. कंपनीच्या चाकाचा ईटी ४५ असताना ३५ चं चाक घेतलं, तर ते स्पेसर न टाकताच दहा मिलिमीटर बाहेर येतं. उलट ईटी जास्त असलेलं किंवा फार रुंद चाक घेतलं, तर टायर आतल्या बाजूला शॉकॲब्झॉर्बरला घासतो आणि मग स्पेसरची आठवण होते. दुकानात रंग आणि आरे पाहण्याआधी हा आकडा पाहिला, तर निम्म्याहून अधिक गाड्यांना या चकतीची गरजच पडणार नाही असं मला वाटतं.

आता मुख्य मुद्दा. गाडीचं वजन चाकाच्या स्टडवर टांगलेलं असतं, असा आपला सर्रास समज आहे. नट नीट आवळलेला असेल तर स्टड आडवा भार जवळपास घेतच नाही. पुस्तकांची चळत दोन्ही तळहातांनी बाजूंनी दाबून उचलली, तर मधली पुस्तकं खाली पडत नाहीत. दाब आणि घर्षण त्यांना धरून ठेवतं. चाकाचंही तसंच आहे. नट आवळताना स्टड किंचित ताणला जातो आणि तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो. आकडे मांडले तर हे अधिक स्पष्ट होतं. लहान कारमध्ये १२ मिलिमीटर जाडीचे स्टड असतात. असा एक नट १०० न्यूटन-मीटरने आवळला, तर कोरड्या आट्यांवर साधारण चार टन दाब तयार होतो. चार नटांचे सोळा टन झाले. धातूवर धातूचं घर्षण अगदी कमी धरलं तरी दोन टनांहून अधिक आडवा जोर लागल्याशिवाय चाक हबवर सरकत नाही. लहान कारच्या एका चाकावर उभं वजन असतं अडीचशे ते साडेतीनशे किलो. खड्डे, वळणं आणि ब्रेक यांच्यासाठी ही एवढी मोठी शिल्लक ठेवलेली असते.

ही शिल्लक किती नाजूक आहे ते मात्र सहसा कुणी सांगत नाही. चार टनांच्या दाबाखाली स्टडचा पकडीतला भाग, समजा २५ मिलिमीटर लांबीचा, ताणून जेमतेम ०.०६ मिलिमीटर वाढतो. सगळी पकड त्या एवढ्याशा ताणावर उभी असते. रिमवर किंवा स्वस्तातल्या स्पेसरवर दिलेल्या पावडर कोटिंगच्या रंगाचा थरही साधारण तितकाच जाड असतो. तो थर दाबाखाली चेपला, भुगा होऊन निघून गेला, की स्टड सैल पडतो, आणि नट मात्र जागचा हललेलाही नसतो. गंजाचा पापुद्रा, वाळलेला चिखल आणि मुरमाचा कण यांचंही तेच. आधी हब, ब्रेकची डिस्क आणि चाक असे तीन तुकडे एकमेकांवर दाबलेले असतात. स्पेसर आला की चौथा तुकडा वाढतो आणि त्याच्याबरोबर घाण, रंग व वाकडेपणा यांना शिरायला आणखी एक फट मिळते. स्पेसरच्या बाबतीत खरा धोका हा आहे. चकती तुटून पडेल याची धास्ती लोकांना वाटते, पण तुटण्याच्या आधी पकड सुटलेली असते.

पकड सुटल्यावर काय होतं, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगाने दाखवून दिलं. नट-बोल्ट उभ्या धक्क्यांनी फारसे सुटत नाहीत. जोडलेले तुकडे एकमेकांवर आडवे सरकू लागले की नट आपोआप उलटा फिरू लागतो, असं त्याने सिद्ध केलं. म्हणजे आधी दाब कमी होतो, मग चाक केसभर सरकू लागतं, त्या सरकण्याने नट ढिला होतो, आणि आता स्टडला खरोखरच आडवा मार बसू लागतो. स्टड तुटतो तो या शेवटच्या टप्प्यात. पोलाद कमजोर होतं म्हणून स्टड तुटला, असं आपण तुटका तुकडा हातात घेऊन म्हणतो. दोष बहुधा कित्येक किलोमीटर आधीच, चाक बसवताना घडलेला असतो. म्हणून आट्यांना चिकटद्रव लावला की काळजी मिटली, हा युक्तिवाद टिकत नाही. तो द्रव नटाला फिरू देणार नाही, पण चेपलेल्या रंगामुळे गेलेला ताण परत आणणार नाही. आणि प्रत्येक स्टडवर वॉशर टाकून चाक बाहेर काढण्याचा जुगाड तर कधीच करू नये. त्यात पूर्ण पृष्ठभागाऐवजी चार छोट्या गोलांवर सगळा भार येतो आणि मधल्या भागाला आधारच राहत नाही. एकावर एक दोन स्पेसर बसवणंही वर्ज्य, कारण त्यात फटी आणखी वाढतात.

पातळ चकतीत आणखी एक गोम आहे. चकती जितकी जाड, तितका स्टड नटाला कमी मिळतो. निदान स्टडच्या जाडीइतकी लांबी नटाच्या आत गेली पाहिजे, असा कारागिरीतला जुना दंडक आहे. १२ मिलिमीटरच्या स्टडवर आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर असेल, तर नटाचे आठ पूर्ण फेरे व्हायला हवेत, १.२५ असेल, तर जवळपास दहा. पाच मिलिमीटरची चकती यातले तीन-चार फेरे खाऊन टाकते. फेरे मोजायला कसलंही यंत्र लागत नाही. नट हाताने फिरवताना मोजायचे आणि कमी भरले तर एकतर चकती काढायची किंवा लांब स्टड घालायचे. लांब स्टड घातल्यावर तोंड बंद असलेल्या नटाचा तळ स्टडच्या टोकाला टेकत नाही ना, हेही बघावं लागतं. टेकला तर पान्ह्याला नट घट्ट लागल्याचं जाणवतं आणि चाक मात्र सैलच असतं. जाड, स्वतःचे स्टड असलेल्या स्पेसरमध्ये याच्या उलट घोटाळा होतो. गाडीचे मूळ स्टड स्पेसरच्या बाहेर डोकावत असतील आणि रिमला त्यांच्यासाठी खोबण नसेल, तर चाक स्पेसरच्या पृष्ठभागावर न टेकता त्या चार टोकांवर टेकतं. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही.

चाक मधोमध बसणं हाही याच पकडीचा भाग आहे. हबच्या मध्यभागी एक गोल उंचवटा असतो आणि कंपनीच्या रिमचं मधलं भोक त्यावर बरोबर बसतं. मारुती स्विफ्टमध्ये हे माप ५४.१ मिलिमीटर आहे. बाजारातल्या अलॉय चाकांचं भोक मात्र अनेक गाड्यांना चालावं म्हणून मोठं, पुष्कळदा ७३.१ मिलिमीटरचं ठेवलेलं असतं. मग उंचवट्याभोवती साडेनऊ मिलिमीटरची फट उरते आणि चाक मध्यावर आणायचं काम एकट्या नटांवर येऊन पडतं. त्यात स्पेसर आला आणि त्याने हबचा उंचवटा झाकून टाकला, तर उरलासुरला आधारही जातो. चांगल्या स्पेसरला आतून हबच्या मापाचं भोक आणि बाहेरून तसाच नवा उंचवटा असतो, आणि चाकाचं भोक मोठं असेल तर त्यावर भरणीची रिंग घालतात. असा उंचवटा नसलेली चकती कितीही चकचकीत असली तरी परत करावी. ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागतं आणि दोनदा बॅलन्सिंग करूनही थांबत नाही, तेव्हा कारण बहुधा इथे सापडतं.

समजा हे सगळं नीट जमलं, तरी चाक बाहेर गेल्याचे परिणाम उरतातच, आणि ते या भागातल्या रस्त्यांवर अधिक जाणवतात. चाकाच्या बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन रांगा असतात आणि चाकाचा भार त्यांच्यात वाटला जाईल असा ऑफसेट कंपनी ठरवते. चाक बाहेर सरकलं की बाहेरच्या रांगेवरचा भार वाढतो. गोळ्यांच्या बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. भार वीस टक्के वाढला तर आयुष्य जवळजवळ ५८ टक्क्यांवर येतं. बेअरिंग गुणगुणू लागलं की मिस्त्री ते बदलतो, पण स्पेसर तसाच राहतो आणि नवं बेअरिंगही लवकर जातं.

स्टिअरिंगवरचा परिणाम याहून गंभीर आहे. पुढचं चाक ज्या रेषेभोवती वळतं, ती रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर टेकतो त्या पट्ट्याच्या मध्याजवळ कुठे तरी उतरते. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या बऱ्याच कारमध्ये ती त्या मध्याच्या किंचित बाहेर उतरेल अशी मुद्दाम योजना असते. १९७२ च्या ऑडी ८० ने ही रचना गाजवली. तिचा फायदा असा, की एका बाजूच्या चाकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी पकड मिळाली तरी ब्रेक दाबल्यावर चाकं स्वतःच गाडीला सरळ करू पाहतात. वीस-पंचवीस मिलिमीटरचा स्पेसर टायरचा मध्य त्या रेषेच्या बाहेर नेऊन ठेवतो आणि हा गुण उलटतो. ब्रह्मपुरीकडच्या आतल्या रस्त्यांवर हे किती वेळा घडू शकतं ते पाहा. समोरून धानाचा किंवा तांदळाचा ट्रक आला, की कारची डावी चाकं डांबर सोडून मुरमाच्या साइडपट्टीवर उतरतात आणि उजवी डांबरावर राहतात. अशा क्षणी करकचून ब्रेक लागला, तर उजव्या बाजूची पकड जास्त असल्याने गाडी उजवीकडे, म्हणजे ट्रकच्याच दिशेला ओढली जाते. मूळ रचनेतली चाकं ती ओढ कमी करतात. स्पेसरवरची चाकं ती वाढवतात. रात्री जंगलातल्या पट्ट्यात अचानक रोही किंवा रानडुक्कर आडवं आलं की हाच प्रसंग ओढवतो, आणि ब्रह्मपुरी वनविभागात तर वाघही रस्ता ओलांडतात. एबीएस आहे ना, असं यावर कुणी म्हणेल. एबीएस चाक जाम होऊ देत नाही आणि ही ओढ बरीच सौम्य करतं, हे खरं. पण त्याचं गणितही कंपनीने मूळ चाकांवर बसवलेलं असतं.

स्पेसरच्या बाजूने सगळ्यात जास्त ऐकू येणारा दावा असा, की दोन चाकांमधलं अंतर वाढल्याने गाडी वळणावर स्थिर होते. तत्त्व म्हणून तो बरोबर आहे. पण हिशोब करू. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असलेल्या कारला प्रत्येक बाजूला २० मिलिमीटरचा स्पेसर लावला, तर अंतर ४० मिलिमीटरने वाढतं आणि वळणावर एका बाजूकडून दुसरीकडे जाणारा भार तीन टक्क्यांहूनही कमी घटतो. टायरमधली हवा योग्य ठेवून आणि टपावरचं ओझं उतरवून याहून जास्त स्थैर्य फुकटात मिळतं. भरलेली गाडी खड्ड्यात दबली की बाहेर आलेला टायर मडगार्डच्या कडेला कापला जाऊ शकतो, हा तोटा वेगळाच. पोर्शेसारखी कंपनी स्वतः काही गाड्यांना स्पेसर देते, हा दुसरा युक्तिवाद, आणि तोही खरा आहे. मात्र तिथे हब, स्टडची लांबी, चाक आणि चकती एकाच अभियंत्यांच्या गटाने एकत्र तपासलेली असतात. जर्मनीत बाजारातल्या स्पेसरलाही टीयूव्हीसारख्या संस्थेचा कागद लागतो आणि कोणत्या गाडीला, कोणत्या चाकाबरोबर चालेल हे त्यात लिहिलेलं असतं. ऑस्ट्रेलियातल्या नियमांत तर कंपनीने मुळात दिला नसेल तर स्पेसर लावण्यालाच मनाई आहे. आपल्याकडे अलॉय चाकांसाठी एआयएस ०७३ हे मानक आहे. वळणाचा थकवा, सरळ भाराचा थकवा आणि आघात अशा चाचण्या त्यात येतात. स्पेसर विकत घेणाऱ्याच्या हाती मात्र आपल्या गाडीपुरता असा तपासणीचा कागद पडत नाही.

आणि ट्रॅक्टर? त्याच्या आसाची, बेअरिंगची आणि तबकडीची घडणच अंतर बदलण्यासाठी केलेली असते, कोणत्या मापावर चाक कसं बसवायचं ते त्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, आणि केजव्हील चढवलेला ट्रॅक्टर चिखलात चालण्याच्या वेगाने फिरतो. ते केजव्हील घेऊन डांबरी रस्त्याने नागपूर गाठायची कल्पना कुणी करत नाही. कार मात्र स्पेसरवरच्या चाकांवरच नागभीड, भिवापूर, उमरेड करत नागपूरला जाते, तीही ऐंशी-नव्वदच्या वेगाने. ‘अमक्याने चार वर्षं स्पेसर वापरला, काही झालं नाही’ हा अनुभव खोटा नाही, पण त्याने फार काही सिद्धही होत नाही. त्याच्या चकतीचे पृष्ठभाग साफ असतील, फेरे पुरेसे असतील, नट वेळेवर तपासले जात असतील. आपल्या गाडीत या गोष्टी तशाच आहेत का, हे त्याच्या चार वर्षांतून कळत नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये स्पेसरचं नाव नाही. पण कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून फारकत होईल असा बदल करू नये, असा त्याचा रोख आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो ठामपणे उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस गाडी तपासायला येतो, तेव्हा न कळवलेला स्पेसर दाव्याच्या आड येऊ शकतो. म्हणून बसवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारून घ्यावं.

तरीही ब्रेकच्या कॅलिपरला रिम घासत असेल, दुसरं चाक मिळतच नसेल आणि स्पेसर लावायचाच असेल, तर काम असं व्हावं. हब आणि डिस्कचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने लखलखीत करायचा, चकतीच्या टेकणाऱ्या बाजूंवर रंग नको. पावसाळ्यात ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांत गंजून चिकटतात, म्हणून हबच्या उंचवट्याला गंजरोधक लेप पातळसा लावला तर चालतो. स्टडच्या आट्यांना आणि सपाट पृष्ठभागाला ग्रीस किंवा तेल लावायचं नाही, कारण तेलकट आट्यांवर तोच टॉर्क स्टडला कितीतरी जास्त ताणतो. नट हाताने लावून, समोरासमोरचे क्रमाने, गाडी जॅकवर असताना अर्धे आणि खाली उतरवल्यावर टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळायचे. पान्ह्यावर उभं राहण्याची सवय सोडायला हवी. साठ किलोचा माणूस चाळीस सेंटिमीटरच्या पान्ह्यावर उभा राहिला, तर २३० न्यूटन-मीटरहून जास्त जोर लागतो, म्हणजे गरजेच्या दुप्पट, आणि तेवढ्याने स्टड कायमचा लांबू शकतो. हवेच्या गनने आवळलेल्या नटाचंही तेच. चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून गाडी थंड झाली की नट पुन्हा तपासायचे. जाड स्पेसर असेल तर चाक उतरवून आतले नटही तपासायचे, कारण ते बाहेरून दिसत नाहीत. पुढे दर सर्व्हिसिंगला, आणि पावसाळा संपल्यावर एकदा, हीच तपासणी.

रस्त्यात पंक्चर झालं तर पंक्चरवाल्याला आत दुसरे नट आहेत हे आधी सांगावं आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा तपासून घ्यावेत. स्टेपनी बहुतेकदा लोखंडी रिमची आणि मूळ ऑफसेटची असते. तिला अलॉयचे नट बसतीलच असं नाही, म्हणून कंपनीचे मूळ नट आणि ते आवळायचा पान्हा डिकीत वेगळ्या पिशवीत ठेवावा. स्टेपनी लावताना त्या चाकावरचा पातळ स्पेसर काढून घ्यावा, आणि जाड स्पेसर असेल तर ती त्यावर नीट टेकते का हे घरीच, दिवसाउजेडी, एकदा लावून पाहावं.